“व्होल्टेजमुळे जळाला” हे आधी कागदावर लिहून मागा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून आलेले पत्र थोडक्यात असे आहे:

“मी आणि माझी भाची मिळून गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. गेल्या जूनमध्ये, पीक विम्याचे अर्ज सुरू होण्याआधी, यवतमाळच्या एका दुकानातून ४६,५०० रुपयांना नवा लॅपटॉप घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे. जानेवारीत, हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत, एका सकाळी तो सुरूच झाला नाही. दुकानदार म्हणाला, आता आमचा संबंध नाही, कंपनीकडे जा. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला दोन खेपा झाल्या. तिथल्या मुलाने उघडून पाहिले आणि सांगितले की मदरबोर्ड व्होल्टेजमुळे जळाला आहे, हे वॉरंटीत बसत नाही, नवा बोर्ड टाकायला २७,८०० रुपये लागतील. अॅडॉप्टर मात्र चांगला आहे. भावाचा लॅपटॉप त्याच कंपनीचा आहे, त्याला लावते तर चालतो. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. केंद्रातला जुना कॉम्प्युटर विंडोज १० चा आहे, तो आता फेकावा लागेल असे दुकानदार सांगतो. नवा लॅपटॉप विचारला तर रॅम महागली म्हणून भाव चढवून सांगतो. हे सगळे खरे आहे, की खेड्यातले म्हणून आम्हाला बनवतात?”

ताई, रॅम महागल्याची गोष्ट खरी आहे आणि जुना कॉम्प्युटर फेकण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. मदरबोर्डाबद्दल, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मुख्य पाटीबद्दल, तुम्हाला जे सांगितले गेले ते मात्र अजून कोणीही सिद्ध केलेले नाही. तुमचे २७,८०० रुपये याच शेवटच्या गोष्टीवर अडलेले आहेत, म्हणून बाकीचे शेवटी थोडक्यात घेतो आणि मदरबोर्डावर सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: अॅडॉप्टर चांगला आहे. तो अॅडॉप्टर हातात घ्या आणि उलटा करा. त्याच्या पोटावर बारीक अक्षरांचा मजकूर छापलेला असतो. डोळ्यांना लागत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहा. ‘इनपुट’ या शब्दापुढे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आढळेल, आणि ‘आउटपुट’पुढे बहुधा १९ किंवा २० व्होल्टच्या आसपासचा आकडा असेल. भिंतीतल्या बोर्डातून येणारी वीज लॅपटॉपपर्यंत जातच नाही. ती अॅडॉप्टरशी थांबते आणि तिथून पुढे वीस व्होल्टच्या आतबाहेरची, स्थिर केलेली वीज आत जाते. ओलिताच्या दिवसांत सगळ्या वावरांतल्या मोटारी एकदम सुरू झाल्या, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण आला आणि घरातला २३० व्होल्टचा दाब १७० वर उतरला, तर दिवे मंद होतात, पंखा रेंगाळतो. अॅडॉप्टरला मात्र त्याचे काही वाटायला नको, कारण १०० व्होल्टपर्यंत आपण काम करू असे कंपनीनेच त्याच्या अंगावर छापून दिले आहे. म्हणजे कमी दाबाचे कारण कंपनीला पुढे करता येत नाही.

राहिला जास्त दाब. डीपीची न्यूट्रल, म्हणजे विजेच्या परतीची, तार तुटली की घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात, आणि असे झाल्याची उदाहरणे आपल्या भागातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. पण असे होते तेव्हा ते एकट्या लॅपटॉपला गाठून जात नाही. आळीतले बल्ब उडतात, कोणाचा टीव्ही जातो, कोणाच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बसतो, आणि लॅपटॉपच्या बाबतीत पहिला तडाखा अॅडॉप्टर खातो. पुढचा पहारेकरी धडधाकट उभा असताना आतला माणूस बाहेरच्या हल्ल्यात मेला असे कोणी सांगू लागले, तर हल्ला कोणत्या वाटेने आला हे त्याने दाखवले पाहिजे.

दुसऱ्या वाटा असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ब्रॉडबँडची तार थेट लॅपटॉपला जोडलेली असेल, तर दूरवर पडलेल्या विजेचा झटका त्या तारेतून येऊ शकतो. प्रिंटरमध्ये बिघाड असेल तर त्याच्या केबलमधून येऊ शकतो. चहा सांडला, मुंग्यांनी आत घर केले, पाल शिरली, तरी बोर्ड जातो. तुमच्याकडे यातले काही घडले होते का, याचा विचार करा आणि घडले असेल तर ते लपवू नका, कारण पुढे बोर्ड तपासला गेला तर ते निघतेच. जानेवारीत विजा पडल्या नसतील, तर तारेची शंका बरीच दुबळी होते.

सर्व्हिस सेंटरच्या मुलाला बोर्डावर काळा डाग दिसला असणार आणि त्यावरून तो “व्होल्टेज” म्हणाला असणार. अमरावतीला एका दुरुस्ती करणाऱ्याच्या टेबलावर भिंगाखाली असा बोर्ड मी पाहिला आहे. सगळी हिरवी पाटी नव्या नाण्यासारखी स्वच्छ होती आणि मधोमध तिळाएवढा एक कॅपॅसिटर अर्धा काळा पडून तडकलेला होता, आजूबाजूला मिशीच्या केसाएवढी करपलेली रेघ. तो तीळ आतून कमजोर निघाला की स्वतःच शॉर्ट होतो, तापतो आणि काळा पडतो. त्यासाठी बाहेरून जास्त दाब यावा लागत नाही. असा बिघाड उत्पादनातला दोष असू शकतो, आणि उत्पादनातल्या दोषासाठीच तर वॉरंटी असते. काळा डाग जळाल्याचे सांगतो, कशाने जळाले ते सांगत नाही. तुमचा बोर्ड मी पाहिलेला नाही, म्हणून तो याच कारणाने गेला असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कंपनीनेही अजून दुसरे कारण दाखवलेले नाही. अनेक वॉरंटींमध्ये विजेच्या दाबाने झालेले नुकसान वगळलेले असते, हे खरे आहे. परंतु जो अपवादाचा आधार घेतो, त्यानेच तो अपवाद लागू होतो हे दाखवून द्यायचे असते. चांगल्या अॅडॉप्टरसह सात महिन्यांत बंद पडलेला लॅपटॉप समोर ठेवणाऱ्या ग्राहकाने आपले निर्दोषत्व सिद्ध करत बसायचे नसते.

इथे एक गोष्ट मनाला फार लागते, ती लिहितो. अनेक लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात, वापराच्या वेळी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या केंद्रात काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. हा माल यवतमाळात, चंद्रपुरात, अकोल्यात वर्षानुवर्षे विकला जातो, त्याचे पैसे पूर्ण घेतले जातात, आणि वस्तू बिघडली की इथले ऊन, इथली धूळ आणि इथली लाईन ही ग्राहकाची चूक ठरते. ज्या हवेत आणि ज्या विजेवर वस्तू चालणार आहे हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते, त्या हवेचा आणि त्या विजेचा ठपका कास्तकाराच्या मुलीवर ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

आता कागदाकडे वळू. तुमच्याजवळ जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप तपासायला दिल्याची सर्व्हिस सेंटरची पावती, आहे की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर तिच्यावर काय लिहिले आहे ते शब्दशः वाचा. पुष्कळदा तिथे फक्त ‘पॉवर येत नाही’ एवढेच असते, आणि वॉरंटी नाकारल्याच्या जागी ‘सीआयडी’ ही तीन अक्षरे असतात. सर्व्हिस सेंटरच्या भाषेत त्यांचा अर्थ ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान असा आहे. ती अक्षरे पाहून पुष्कळ लोक गप्प बसतात, कारण कोणी अर्थ सांगत नाही. तुम्ही कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, सर्व्हिस सेंटरला प्रत पाठवून, साध्या मराठीत किंवा इंग्रजीत एक पत्र लिहा. त्यात लॅपटॉपचा सिरियल नंबर, बिलाची तारीख, जॉबशीटचा नंबर आणि दोन्ही खेपांच्या तारखा द्या, आणि विचारा की कोणता भाग निकामी झाला, तो कोणती तपासणी करून ठरवले, तपासणी कोणी केली, जळालेल्या जागेचे फोटो कुठे आहेत, आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीनुसार दुरुस्ती नाकारली. अॅडॉप्टर सुस्थितीत आहे, हे वाक्य त्या पत्रात अवश्य घाला. फोनवर कितीही गोड बोलले तरी “हे मला ईमेलवर कळवा” एवढेच उत्तर द्या. ईमेलला आठवड्याभरात उत्तर आले नाही, तर हाच मजकूर छापून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि दुकानदाराच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचीचा पुरावा जपून ठेवा. रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, त्यामुळे पोस्टात ‘रजिस्टर’ मागून गोंधळ होऊ देऊ नका.

हे मी इतके अडून का सांगतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक प्रिंटर वॉरंटीत असताना बिघडला. दुरुस्ती केंद्रातल्या गृहस्थांनी फोनवर सांगितले की भाग मागवला आहे, आला की कळवतो. मी दर पंधरवड्याला फोन करत राहिलो आणि दर वेळी तेच ऐकत राहिलो. तीन महिन्यांनी वॉरंटीचे वर्ष संपले आणि त्याच केंद्राने मला दुरुस्तीचे दर सांगितले. माझ्याजवळ बिघाड वॉरंटीत असताना कळवल्याचा एकही कागद नव्हता. प्रिंटरचे पैसे गेलेच, शिवाय ज्या माणसावर मी भरवसा ठेवला तो मला ओळखही दाखवेना, याचे दुःख अजून आहे. तुमची वॉरंटी येत्या जूनमध्ये संपते. तिच्या आत, तारखेनिशी, लेखी तक्रार पोहोचलेली असली पाहिजे.

कंपनीकडून पुढे येणारा एक डाव आधीच सांगून ठेवतो. तुम्ही लॅपटॉप केंद्रासाठी घेतला, म्हणजे व्यापारी वापरासाठी घेतला, म्हणून तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही, असे म्हटले जाऊ शकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्येच याचे उत्तर आहे: स्वयंरोजगारातून स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती, आणि १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ उलगडताना टाइपरायटरचेच उदाहरण घेतले आहे. दुसऱ्यांचे काम टाइप करून देऊन पोट भरणारा माणूस स्वतः त्या यंत्रावर बसत असेल, तर तो ग्राहकच राहतो. मदतीला एक-दोन माणसे असली तरी हे बदलत नाही, असेही त्या निकालात स्पष्ट केले आहे. तुमची भाची मदतीला असते, याचा बाऊ कोणी करू लागले तर हे लक्षात ठेवा. केंद्र तुम्ही स्वतः चालवता आणि घर त्यावर चालते, हे दाखवणारे कागद, म्हणजे केंद्राच्या परवान्याची प्रत आणि रोजच्या अर्जांची वही, आजपासून एका फाइलमध्ये लावा. लॅपटॉप बंद पडल्यापासून किती अर्ज परत पाठवावे लागले, तेही त्या वहीत तारखेनुसार लिहा, कारण नुकसानभरपाई मागताना तोंडी अंदाज उपयोगी पडत नाही.

बिलावरच्या शिक्क्याने खचून जाऊ नका. तो शिक्का कंपनीने दिलेल्या वॉरंटीला हात लावू शकत नाही. सदोष माल परत घ्यायला, बिलात सांगितलेल्या मुदतीत आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरते. तुमचे सात महिने झाले, त्यामुळे ही विशिष्ट तरतूद तुम्हाला लागू होणार नाही, पण गावात उद्या कोणी नवा मोबाईल घेऊन आला आणि तो चौथ्या दिवशी बंद पडला, तर त्याला हे सांगा. “आमचा संबंध नाही” हे दुकानदाराचे म्हणणेही मनावर घेऊ नका. पैसे त्याने घेतले आहेत, बिल त्याचे आहे, त्यामुळे तक्रारीत कंपनी आणि दुकानदार असे दोन्ही विरुद्ध पक्ष करता येतात.

तक्रार कुठे करायची, तर पहिला फोन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करा. तिथे मराठीत बोलता येते, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. पुष्कळ कंपन्या ज्या ग्राहकाला दारातून परत लावतात, त्याच ग्राहकाच्या हेल्पलाइनवरच्या तक्रारीला उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आधीच्या कायद्यात तक्रार सामान्यतः विरुद्ध पक्ष जिथे असेल किंवा प्रकरण जिथे घडले असेल तिथे करावी लागे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातही ती करता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय देशात कुठेही असो, तुम्हाला यवतमाळच्या पलीकडे जायचे कारण नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क काहीच नाही. वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. ई-जागृती या पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते, आणि इतरांचे अर्ज भरून देणाऱ्या तुमच्यासारखीला ते काम अवघड जाणार नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून ती करायची मुदत दोन वर्षांची आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. आयोग दुरुस्ती, बदलून देणे, पैसे परत करणे आणि नुकसानभरपाई यांपैकी जे योग्य वाटेल ते सांगू शकतो, आणि दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या तपासणीचे शुल्क तुम्हाला आधी भरावे लागू शकते. कायद्याने प्रकरण तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असे म्हटले आहे, पण प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही, म्हणूनच लेखी पत्र आणि हेल्पलाइन या दोन पायऱ्यांवर मी जास्त भर देतो आहे.

या सगळ्यात एक अडचण खरी आहे. लॅपटॉप बंद म्हणजे केंद्र बंद, आणि केंद्र बंद म्हणजे मिळकत बंद. बाहेरचा एखादा कारागीर तो जळालेला भाग बदलून कंपनीच्या मागणीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत लॅपटॉप सुरू करून देईलही. पण बोर्ड बाहेरच्या हाताने उघडला गेला की कंपनी तेच निमित्त पुढे करेल आणि तपासायला पुरावाही उरणार नाही. म्हणून कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत तरी तो कोणाला उघडू देऊ नका. भावाचा लॅपटॉप काही दिवस केंद्रात आणता आला तर पाहा.

त्या दरम्यान शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन विचारा की जानेवारीतल्या त्या रात्री कोणाचा बल्ब, टीव्ही, मोटर काही गेले का. काहीच गेले नसेल, तर तसे साध्या कागदावर लिहून, तारीख टाकून सह्या घ्या. उलट गावात खरेच उपकरणे जळाली असतील, तर तेही आत्ताच कळलेले बरे. मग १९१२ या फोन क्रमांकावर वीजपुरवठ्याची तक्रार त्या दिवशी कोणी नोंदवली होती का ते शोधा, कारण तुमची बाजू तेवढ्यापुरती कमकुवत होते आणि कंपनीशी बोलताना तडजोडीची तयारी ठेवावी लागेल. केंद्राच्या बोर्डातल्या तिसऱ्या, मोठ्या भोकाला अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का, हेही वायरमनकडून पाहून घ्या. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या भागावर बोट फिरवले की झिणझिण्या जाणवत असतील, तर ती बहुधा जोडलेली नाही. अंगणात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करून घेणे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत राहणे फार खर्चाचे काम नाही. पाचसहा प्लगांची जी स्वस्त पट्टी ‘स्पाइक बोर्ड’ म्हणून विकली जाते, तिच्यातल्या पुष्कळशा पट्ट्या म्हणजे नुसते एक्स्टेन्शन असते, तिच्यावर विसंबू नका.

तुम्ही विचारले नाही, पण माझ्या मते हे पैशांपेक्षाही मोठे आहे. त्या लॅपटॉपच्या डिस्कवर गावातल्या लोकांची आधार कार्डे, बँक पासबुके, सात-बारा यांच्या प्रती असणार. सर्व्हिस सेंटरमध्ये पासवर्ड मागतात आणि आपण चिठ्ठीवर लिहून देतो. पुढच्या खेपेला डिस्क तुमच्यासमोर काढून देण्याची लेखी विनंती करा, ती काढल्याची नोंद जॉबशीटवर करून घ्या आणि बोर्डाच्या तपासणीला डिस्कची गरज नाही, हे ठामपणे सांगा. लोकांनी ती कागदपत्रे तुमच्यावर विश्वास टाकून दिलेली आहेत.

जुन्या कॉम्प्युटरबद्दल. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, हे खरे आहे. त्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही, फक्त सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबते. घरगुती वापरकर्त्यांसाठी त्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची वाढीव सोय ठेवलेली आहे, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर तिची जोडणी दिसते. त्यानंतर आधारची आणि बँकेची कामे त्या यंत्रावर करू नयेत, पण टायपिंग, स्कॅनिंग, छपाईला ते इंटरनेट न जोडता खुशाल वापरा. चांगले चालणारे यंत्र एका घोषणेने भंगार ठरवायला लावणे मला पटत नाही, आणि गावातल्या केंद्राने तर ते मुळीच मान्य करू नये.

रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या, भावाबद्दल तुमचा दुकानदार कारण खोटे सांगत नाही. जगातली बहुतांश मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक असल्याने त्यांनी कारखाने तिकडे वळवले आणि २०२५ च्या उत्तरार्धात साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशियल’ हा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. भावांबद्दल तुमच्या मनात आलेली शंका मात्र अस्थानी नाही. २००५ मध्ये सॅमसंगने मेमरीचे भाव संगनमताने ठरवल्याचा गुन्हा अमेरिकेत कबूल करून ३० कोटी डॉलरचा दंड मान्य केला होता. दुकानात तुमच्या हाती असलेले साधन एकच आहे: खोक्यावर छापलेली, सर्व करांसह असलेली कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष. जुन्या किमतीचे खोके असेल तर भाव चढले म्हणून छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही.

शक्य असेल तर आत्ता नवा लॅपटॉप घेऊ नका. घ्यावाच लागला, तर प्रोसेसर ‘आय ५’ आहे एवढ्यावर भुलू नका, पुढचा आकडा पाहा. ‘आय ५-६२००’ म्हणजे सहावी पिढी, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची प्रोसेसरे लागतात. दुरुस्त करून विकलेल्या जुन्या लॅपटॉपांत ही फसगत फार होते. रॅम नंतर वाढवता येते की बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, हे विचारा. आणि वॉरंटी तुमच्या गावी येऊन दुरुस्ती करण्याची आहे की नागपूरला नेऊन देण्याची, हे बिलावर लिहून घ्या. दोन खेपांचे भाडे आणि बुडालेले दोन दिवस तुम्ही सोसलेच आहेत.

आणि तो अॅडॉप्टर आता भावाच्या लॅपटॉपला लावणे बंद करा. उद्या तो कोणत्याही कारणाने बिघडला तर तुमच्या बाजूचा मुख्य पुरावा जाईल. भावाच्या लॅपटॉपला लावून तो चालतो आहे, चार्जिंगचा दिवा लागला आहे आणि अॅडॉप्टरचा सिरियल नंबर दिसतो आहे, असा एक छोटा व्हिडिओ आजच काढा. मग तो पिशवीत घालून, वर तारीख लिहून, बिलाच्या फाइलसोबत कपाटात ठेवून द्या.